पंधरा हात, दोन श्वास

रक्तात काय असतं ते मला विचारा. लाल पेशी असतात, पांढऱ्या असतात, साखर असते, क्षार असतात, नशीब वाईट असेल तर मलेरियाचा जंतू असतो. बी.एस्सी. आणि वर लॅबचा डिप्लोमा करून मी कुवेतच्या हॉस्पिटलात दिवसभर हेच बघायचो. सुरमई कशी धरायची याची माहिती मला आजवर एकाही काचपट्टीवर दिसलेली नाही. तरीही नव्वद सालच्या त्या उन्हाळ्यात चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला तोंडावर सांगितलं, की तुझ्या ते रक्तातच आहे. त्याचा राग आजही उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो.

आधी माझ्या घरचं सांगतो. माझा बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. मला शाळेत घातलं त्या दिवशी त्याने घरात नियम केला : शिकणाऱ्याने होडीला हात लावायचा नाही. नुसतं बोलून थांबला नाही. सातवीत असताना मी एकदा मित्रांबरोबर होडीत चढून बसलो, तर ओल्या दोराच्या टोकाने सगळ्या किनाऱ्यासमोर मला फोडला. "एक तर वही धर, नायतर वल्हं धर. दोन्ही धरशील तर दोन्हीकडून जाशील." मी वही धरली. घरातला पहिला मॅट्रिक मी, पहिला ग्रॅज्युएट मी. मार्कशीट मी अजून मेणकापडात ठेवतो आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की समुद्राला लागून घर असलेला हा माणूस कुवेतला उतरला तेव्हा त्याला गळाला गाठसुद्धा मारता येत नव्हती.

आमच्या हॉस्पिटलात पुण्याचे एक डॉक्टर होते. मेडिसिनचे, वयाने आणि हुद्द्याने मोठे, माणूस दिलदार, पण आपलं वाक्य खाली पडू द्यायचं नाही ही जुनी सवय. ते सलव्याला समुद्राजवळ राहायचे. त्यांना मासेमारीचं वेड लागलं होतं, तेही मासिकं वाचून. कुण्या परत गेलेल्या अमेरिकन शेजाऱ्याने त्यांच्याकडे मासिकांचा गठ्ठा टाकला होता. त्यात तिकडच्या गार तळ्यांतल्या कोकनी नावाच्या लाल माशावर लेख होते : कयाक म्हणजे अरुंद, छोट्या होडीत बसायचं, हळूहळू वल्हवत राहायचं, मागे लांब दोरीवर गळ ओढत न्यायचा. गळाच्या हातभर पुढे एक चकचकीत पत्रा, तो पाण्यात डुलतो, माशाला वाटतं दुसरा मासा शिकार करतोय. डॉक्टरांनी लेख माझ्यासमोर धरला.

"तुला काय दाखवायचं म्हणा हे. तू कोकणातला. तुमचं तर पिढीजात."

इथे चूक माझी. "मला येत नाही" हे तीन शब्द लॅबमध्ये मी दिवसातून चारदा बिनधास्त म्हणायचो. त्या दिवशी ते म्हटले नाहीत. मी मान डोलावली.

मान डोलावली म्हणजे आता यायला पाहिजे. शिकायचं कुणाकडून? सलव्यातच रत्नागिरीकडच्या एका चाचांचं किराणा दुकान होतं, इकडे त्याला बकाला म्हणतात. तरुणपणी गलबतावर हिंडलेला माणूस. त्यांना दुकानासाठी लोखंडी मांडण्या हव्या होत्या म्हणून त्यांच्या पिकअपमधून मी अम्गऱ्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो. तिथे मोडके दरवाजे आणि बाथटब यांच्या ढिगाखाली एक पिवळी कयाक दिसली. एकाच माणसाची, फायबरची, पोटाला वीतभर चीर. चाचा म्हणाले, "ही मयत आहे. हिला कशाला उठवतोस?" मी उठवली. फायबरचं कापड, रसायन, घासकागद, आणि तीन शुक्रवार. चाचांच्या दुकानामागच्या वाळूत ती ठेवायची जागा झाली.

पहिल्या दिवशी मी नायलॉनच्या दोरीला सरळ गळ बांधला, त्याला तारली या छोट्या माशाचा तुकडा लावला आणि पहाटे पाण्यात उतरलो. तीन झटके बसले. तिन्ही वेळा दोरी हाताला हलकी लागली आणि ओढून बघतो तर गळ नाही. चाचांना कापलेलं टोक दाखवलं. ते हसून हसून गोणीवर बसले.

"अरे बाबा, सुरमईला दात असतात! तू तिला शेवया वाढतोस. गळाच्या वर वीतभर तुकडा बांध तारेचा. गाववाले ऐकतील तर काय म्हणतील तुला?"

"गाववाल्यांना सांगू नका, चाचा."

"नाही सांगत. पण तारेचा तुकडा माझ्याकडून घे, त्या डॉक्टराकडून नको."

त्यानंतर मी लॅबवाला झालो. दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक शुक्रवारी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. दोरी वीस वाव सोडली, वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी, मग तीस. पत्रा अम्गऱ्याहून आणलेल्या स्टीलचा कापला, आधी सपाट, मग चमच्यासारखा वाकवून. गळाला आधी तारली, मग नुसता चमकता चमचा, मग दोन्ही. पाण्याचं तापमान, वाऱ्याची दिशा, उतरल्याची वेळ, सगळं लिहायचो. गळाची काठी घेतली आणि ती धरायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा कयाकला बसवला, कारण वल्हं दोन हातांनी मारायचं तर काठी कोण धरणार? दात?

मासिकाने सांगितलेला वेग इथे चालेना. तिकडचा मासा आळशी असेल, आमची सुरमई नाही. आणि वेगाने वल्हवलं की अर्ध्या तासात माझे खांदे भरून यायचे. मी थांबायचो, घाम पुसायचो, परत सुरू करायचो. दोनदा असं झालं, की पुन्हा वल्हं मारलं त्याच क्षणी काठी वाकली. वहीत लिहिलं. पुढच्या खेपेला मुद्दाम थांबलो. विचार केला तेव्हा कळलं : थांबलं की पत्रा डुलायचा राहतो, गळ खाली बुडतो, जखमी माशासारखा. पुन्हा ओढला की तो दचकून पळतो, आणि पळणारं कुणाला सोडवतं? मग मी मोजून ठरवलं. वल्ह्याचे पंधरा हात जोरात, मग दोन श्वास थांबायचं. पुन्हा पंधरा.

आणि एका शुक्रवारी हाताएवढी, माझ्या हाताएवढी, खांद्यापासून बोटांपर्यंतची सुरमई आली. कयाक तिने अर्धा फर्लांग ओढली. मी मोठमोठ्याने कुणालातरी शिव्या देत होतो, कुणाला ते आठवत नाही. तीन महिने गेले होते. वहीची एक्केचाळीस पानं भरली होती.

डॉक्टरांच्या फ्रीजरमध्ये ती आठवडाभर राहिली आणि पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडे जेवण झालं. डॉक्टर, वहिनी, दोन नर्सबाई, एक्सरेवाले आणि मी. वहिनींनी तुकड्या तळल्या. पहिला घास घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, "शेवटी रक्तातच असावं लागतं."

"खरंय," एक्सरेवाले म्हणाले. "आपण कितीही डोकं आपटलं तरी नाही."

मी म्हटलं, "डॉक्टर, तीन महिने मी वही भरतोय."

"अरे, वही ठीक आहे. पण तुझे हात आपोआप करतात ते. तुला कळतसुद्धा नाही."

"मला कळतं! मी लिहून ठेवलंय!"

एक नर्सबाई म्हणाल्या, "चिडू नका हो भाऊ, कौतुकच करतायत."

कौतुक! डॉक्टरांच्या मुलीला शाळेत पहिला नंबर मिळाला की म्हणायचं तिने अभ्यास केला. आमच्यासारख्याने काही केलं की ते रक्तात. म्हणजे आम्ही केलं असं नाहीच, आमच्याकडून झालं. मांजर भिंतीवरून चालतं तसं. हाच न्याय लावायचा तर बी.एस्सी. तरी कुणाच्या रक्तातली? बापाने तर अंगठा उठवला आयुष्यभर.

मी ताट बाजूला केलं. "डॉक्टर, तुम्ही पुण्याचे. सात पिढ्यांत कुणी होडीत बसलं नाही असं तुम्हीच सांगता. कयाक माझी घ्या, काठी माझी घ्या, वही घ्या. वहीत लिहिलंय तसं करा. तुम्हाला सुरमई मिळाली तर ते शिकण्याचं काम, रक्ताचं नाही. कबूल?"

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

"कबूल," डॉक्टर म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बुडू नका म्हणजे झालं."

आता माझी अवस्था बघा. माझी मेहनत खरी ठरायची तर त्या जाडजूड माणसाला मासा मिळायला हवा होता. मी त्याच्यासाठी तारा वळल्या, पत्रे घासले, लाइफ जॅकेटचे पट्टे वाढवले. डॉक्टरांना एक सोडून एक शुक्रवार ड्यूटी असायची. सुटीच्या शुक्रवारी ते जायचे, त्यांच्या ड्यूटीच्या शुक्रवारी मी.

पहिल्या खेपेला त्यांनी वही उघडलीच नाही, मासिकाप्रमाणे बागेत फिरल्यासारखं वल्हवलं. रिकामे आले. दुसऱ्या खेपेला पंधरा हातांचे आठ केले, "श्वास पुरत नाही रे" म्हणाले. रिकामे. मी किनाऱ्यावर उभा राहून ओरडत होतो, "थांबा! आता थांबा! आता मारा!" आणि चाचा दुकानाच्या पायरीवरून म्हणत होते, "म्हशीला गाणं शिकवतोयस तू."

तिसऱ्या खेपेला मात्र डॉक्टरांनी सगळं अक्षरशः केलं. मी दुर्बिणीतून मोजलं. पंधरा हात, दोन श्वास. दोरी बरोबर, पत्रा बरोबर, तारली ताजी. दोन तास. काही नाही. आणि मधल्या शुक्रवारांना मला काय मिळालं? एकदा एक सुरमई, एकदा दोन, एकदा एक. तीच कयाक, तीच वही.

कयाक वाळूत ओढताना डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बघ. पुरावा तुझाच आहे. मी तसंच केलं ना? मग फरक कशाचा?"

त्या आठवड्यात लॅबमध्ये सुई टोचताना मनात तेच घोळत होतं. मला पहिल्यांदा वाटलं, की कदाचित खरंच असेल. कदाचित मी काही शिकलोच नसेन. आणि हे जर आपोआप आलेलं, तर बाकीचं तरी मी कमावलंय कशावरून?

"अजून एकदा," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्यावर दया करून कुणाशी तरी ड्यूटी बदलली आणि जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी, म्हणजे खरं तर माझ्या शुक्रवारी, पाण्यात उतरले. अर्ध्या तासात त्यांची काठी वाकली. काय आरडाओरडा केला त्यांनी! कयाक गोल फिरली, टोपी वाहून गेली, पण मासा सुटला नाही. माझ्या पहिल्यापेक्षा बोटभर मोठी सुरमई. मी कमरेइतक्या पाण्यात धावत गेलो. जिंकलो होतो! डॉक्टरांचा चेहरा लालबुंद. धापा टाकत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"अरे, एक विसरलोच होतो. माझं आजोळ दापोलीचं."

मी कयाकचं टोक धरून ती किनाऱ्याकडे ओढायला लागलो.

"आईकडून आम्ही कोकणातलेच की. येतं ते कुठूनतरी!"

चाचा पायरीवर इतके हसले, की त्यांच्या हातातला चहा सांडला. मला हसू आलं नाही. वहीत फक्त वेळ आणि वजन लिहिलं.

पुढच्या गुरुवारी पहाटे इराकी रणगाडे आले, आणि दापोलीचं आजोळ राहिलं बाजूला. ते सगळं मी इथे सांगत बसत नाही. किनाऱ्यावर जायची सोय उरली नाही. मी शहरातल्या मिरकाब भागात माझ्या खोलीवर, खोलीतल्या इतरांबरोबर काही आठवडे काढले, मग बसने बगदादमार्गे जॉर्डनला आणि तिथून विमानाने मुंबईला पोचलो. बरोबर एक पिशवी. आत मेणकापडातली सर्टिफिकिटं आणि ती वही. डॉक्टर हॉस्पिटल सोडून आले नाहीत. पेशंट टाकून जाणार नाही म्हणाले आणि राहिले. त्याबद्दल माझा त्यांना मनापासून नमस्कार. पण दापोलीबद्दल नाही.

घरी पहिले पाच-सहा महिने नुसते बसून काढले. बापाला मी पत्रात कधी कळवलं नव्हतं, की मी समुद्रात जातो. त्याने मला ज्यापासून वाचवलं त्यातच मी हौसेने उतरलो, हे कसं सांगायचं? पण वही सापडलीच. एका दुपारी तो ती उलटीसुलटी करत ओट्यावर बसला होता. "हे कसलं रे? माशाचं चित्र काढलंयस."

मी सगळं सांगितलं. दोराचं टोक जवळ नाही ना हे बघून सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, "वाच."

मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो. तार, पत्रा, दोरीची लांबी, तापमान, पंधरा हात, दोन श्वास. "थांबणं बरोबर हाय," तो मधेच म्हणाला. "आम्ही शीड सैल सोडायचो. तेच." पुढे वाचत गेलो. दहाबारा पानांनंतर त्याने हात वर केला.

"पाणी कुठलं व्हतं?"

"म्हणजे?"

"उधाणाचं का भांगाचं? तिथी कुठं लिवलीस?"

लिहिलीच नव्हती. तापमान अर्ध्या अंशापर्यंत लिहिलं होतं, वाऱ्याची दिशा होती, माझ्या बुडाखालचा सगळा समुद्र आठवड्याला बदलतो हे नव्हतं. बाप उठला, भिंतीवरचं गेल्या सालचं कॅलेंडर काढून आणलं. मी तारखा वाचायच्या, त्याने बोटांवर तिथ्या मोजायच्या. मासा मिळालेले बहुतेक शुक्रवार अष्टमीच्या आसपासचे निघाले, म्हणजे भांगाचे, भरती-ओहोटी लहान असते तेव्हाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे, म्हणजे उधाणाचे, जवळजवळ सगळे रिकामे.

"भांगाला पाणी निवळ असतं, ओढ कमी. मासा बघून धरतो. उधाणाला गढूळ, त्यात तुझा पत्रा कोण बघणार? एक शुक्रवार उधाण, एक भांग. तुझे डॉक्टर उधाणाला गेले बिचारे. शेवटी भांगाला गेले, त्यांना गावली."

म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक! रक्त नाही, दापोली नाही. हॉस्पिटलने लावलेली ड्यूटी.

मी इतका खूश झालो, की बोलून गेलो, "बाबा, तिथं सगळे म्हणायचे हे आमच्या रक्तात आहे."

बापाने माझ्याकडे असं बघितलं, की मला सातवीतला किनारा आठवला.

"रक्तात असतं तर माझ्या बापसाने मला एवढा मारला कशाला असता? सहा वर्सं मी नुसतं पाणी उपसलं होडीतलं. तिथी चुकली की थोबाडीत. तुला वाटलं काय, मी पोटातून शिकून आलो?"

मला तसंच वाटलं होतं. खरं सांगायचं तर तसंच. डॉक्टरांवर मी इतके महिने जळत होतो, आणि मी स्वतः या माणसाबद्दल आयुष्यभर तेच धरून चाललो होतो : शिकलेला मी, त्याला आपलं येतं. घरातला पहिला शिकलेला म्हणून मी छाती काढून फिरलो. पहिला नव्हतो. वही असलेला पहिला होतो एवढंच.

त्याने सांगितलं ते मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतलं. दोन महिने लागले. चुकलं की "पुन्ना वाच" म्हणायचा. हात उगारला नाही, पण एकदोनदा वाटलं आता उगारतो.

एक्क्याण्णवच्या अखेरीला मी कुवेतला परत गेलो. तोवर तेलविहिरींच्या आगी विझल्या होत्या, पण किनाऱ्यावर तारा लावलेल्या, सुरुंगाच्या पाट्या, वाळूवर तेलाचा काळा थर. चाचा गावाहून परतले नव्हते आणि त्यांच्या दुकानाला दार नव्हतं. कयाकचं काय झालं ते डॉक्टरांनी सांगितलं. इराकी शिपायांनी ती उपडी करून एका खंदकावर छप्पर म्हणून घातली होती, वर वाळूची पोती. तीन शुक्रवार घासली होती मी ती.

डॉक्टर बारीक झाले होते. लॅबमध्ये नव्या टेक्निशियनशी माझी ओळख करून देताना म्हणाले, "हा आणि मी, आम्ही दोघं सुरमईवाले. कोकणचं रक्त!" मग माझ्याकडे वळले. "काय रे, ती वही आणलीस का? किनारा उघडला की पुन्हा जाऊ. मला एकदा सगळी उतरवून घेऊ दे."

वही माझ्या ड्रॉवरमध्येच होती. मी ड्रॉवर उघडला नाही.

"शिकायचं असेल तर देतो, डॉक्टर. अष्टमी म्हणजे काय तिथपासून बसवून शिकवतो. रक्तात असेल तर तुम्हाला वही कशाला हवी?"

डॉक्टरांनी नव्या टेक्निशियनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग कोपऱ्यातलं स्टूल पायाने पुढे ओढलं आणि बसले.

"अष्टमी," ते म्हणाले. "सांग."